ओली रेती

८ डिसेंबर, सोमवार

नववी ब. पटावर अठ्ठावन्न, हजर एकतीस. बाकीचे कापूस वेचायला. हजर होते त्यातलेही निम्मे रविवारभर वेचूनच आलेले, बोटं पाहिली की कळतं. ज्वलनाचा धडा सुरू केला. जळत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा घातला, विझली. कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. एकवीस वर्षं तीच मेणबत्ती विझवते आहे.

मागच्या बाकावरून, "मॅडम, धमाकेवालं दाखवा न." दाखवू म्हटलं.

तासानंतर प्रयोगशाळेत. उकंडराव परीक्षानळ्या पुसत होते. फेब्रुवारी अखेर ते निवृत्त. परिचराचं पद पुन्हा भरणार नाहीत, म्हणजे नळ्या पुसायलाही मीच. मॅग्नेशियमची फीत किती उरली विचारलं, तर माझं वाक्य संपायच्या आत डबी पुढ्यात. या माणसाला दोनदा सांगावं लागत नाही. सगळ्या शाळेत एवढीच एक सोय आहे.

पाठ दुखते. घरी येईतो स्कूटरवर बसवत नव्हतं.

९ डिसेंबर, मंगळवार

कळीचा चुना पाण्यात टाकून दाखवला. पाणी खदखदलं, बीकर गरम. एकेकाने बाहेरून हात लावून पाहिला. मग लेड नायट्रेट तापवलं, तपकिरी धूर, दोघे-तिघे खोकले, खिडक्या उघडल्या. वर्गाला खोकल्याचीच मजा जास्त.

प्रयोगवह्या तपासल्या. एकतीसपैकी एकोणतीस जणांचं निरीक्षण शब्दाला शब्द सारखं. "राखाडी रंगाची राख मिळाली." मॅग्नेशियमची राख पांढरी असते. प्रयोग अजून झालेलाच नाही. कोणत्या तरी जुन्या वहीत कोणीतरी एकदा चूक केली, ती पिढ्यान्‌पिढ्या उतरवून घेतली जाते आहे. रागवायला हवं होतं. लाल पेनाची रीफिल संपली होती.

१० डिसेंबर, बुधवार

आज लिहू नये असं वाटत होतं. पण उद्या आठवण बदललेली असेल.

मॅग्नेशियम. नेहमी बोटभर फीत घेते. आज तीन लांब फिती घेतल्या आणि त्यांची वेणी घातली. मागच्यांना दिसत नाही म्हणून. शिवाय त्या सारख्या वह्या डोक्यात होत्या, वाटलं, एकदा तरी यांनी डोळ्यांनी बघावं. वेणी बघून मुली हसल्या. "जवळ या," म्हटलं. आले.

पेटली. असा उजेड की सगळे गप्प. इतक्या वर्षांत वर्ग इतका गप्प झालेला आठवत नाही, आणि मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. मग चिमट्याची पकड सैल पडली. फीत अजून निम्मी जळत होती. खाली रेतीची बादली, तिच्यात सोडली. विझवायची तर कोरडी रेतीच घालायची असते. पुस्तकात तेच आहे.

फाट्‌ असा आवाज आला आणि ठिणग्या वर आल्या.

पहिल्या बाकावरची आचल पुढेच होती. उजव्या हातावर चार-पाच ठिकाणी, आणि एक गालावर, डोळ्याच्या खाली. ओरडली नाही. फक्त "आई" म्हणाली आणि चेहरा झाकला. उकंडरावांनी तिला उचललं म्हणावं इतक्या झटक्यात नळाखाली नेलं. मी चिमटा हातात धरून उभी.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोळा वाचला. ठिणगी अर्धं बोट वर असती तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

आचलची आई शाळेत आली होती. कापसाचे धागे पदराला तसेच. शेतातून थेट. मी उभी राहिले. ती म्हणाली, "मॅडम, डोया वाचला, देवाची कृपा. पण गालावर डाग राह्यला त पोरीच्या जातीले..." मग थांबली. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "पोरगी म्हणून राह्यली, मॅडमले कोणी बोलू नका," हा आचलचा निरोप जाताना सांगून गेली.

दुपारी एकटीच प्रयोगशाळेत. फाट्‌ कशाने? कोरड्या रेतीत मॅग्नेशियम निमूट विझायला हवं. बादलीत हात घातला. वर तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या दोन पन्न्या (हे आमचे गुरुजन), आणि खाली रेती ओली. गार. मुठीत धरली तर लाडू वळला.

मॅग्नेशियम जळताना पाण्यातला ऑक्सिजनसुद्धा ओढून घेतं, हायड्रोजन सुटतो, आणि तो तिथल्या तिथे पेटतो. हे दहावीला मीच शिकवते.

उकंडरावांना विचारलं, रेती ओली कशी? म्हणाले, "मीच मारतो पाणी. रोज सकाऊन." कोणी सांगितलं? बादली पायाने कडेला सरकवली. मग, "मीच."

१२ डिसेंबर, शुक्रवार

हेडसरांनी बोलावलं. टेबलावर उकंडरावांचा जबाब, एका पानाचा, खाली सही. "रेतीच्या बादलीत मी माझ्या मनाने पाणी टाकत होतो. मॅडमना याची माहिती नव्हती." अक्षर कारकुनाचं, सही त्यांची.

हेडसर खूश म्हणता येणार नाही, पण सुटल्यासारखे. "बघा मॅडम, स्पष्ट आहे. परिचराचा निष्काळजीपणा. संस्थेची समिती तेवीस तारखेला येणार, हे पुढे करायचं, विषय संपला. तुम्ही यात पडूच नका." उकंडरावांचं काय होईल विचारलं. सेवापुस्तकात शेरा बसेल. मग निवृत्तीचे कागद अडतील, किती दिवस ते सांगता येत नाही. "पण तो स्वतःच म्हणतो न."

प्रात्यक्षिकं बंद. लेखी आदेश. आग, उष्णता, आम्ल, सगळं यापुढे स्मार्टबोर्डवर.

मी हो म्हणून बाहेर आले. खरं सांगायचं तर हलकं वाटलं. पायऱ्या उतरेपर्यंत टिकलं ते.

१३ डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा. स्मार्टबोर्डवर मॅग्नेशियम जळताना दाखवलं. कुठल्यातरी परदेशी प्रयोगशाळेत एक हातमोजा, एक चिमटा, एक उजेड. आवाज बंद ठेवला होता. एका पोराने विचारलं, "मॅडम, हे खरं हाये काय?" खरं आहे म्हटलं. बुधवारी जे झालं तेही त्यांनी पाहिलं होतं. ते खरं आहे का, असं कोणी विचारलं नव्हतं.

वह्यांमध्ये आज सगळ्यांनी "पांढरी राख" लिहिलं.

१४ डिसेंबर, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांचं कृषी केंद्र आज बंद, त्यामुळे निवांत ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यानं स्वतः लिहून देल्लं न? मंग तू काऊन मधात पडून राह्यली?" मग चहा मागितला. मग म्हणाले, चतुर्थीला केळझरला जाऊन येऊ, मन शांत होईल. गणपतीला माझी शाळा सांभाळायला लावायची ह्यांची जुनी सवय.

दुपारी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुन्या वह्या काढल्या. का ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. काहीतरी आठवल्यासारखं होत होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत, एप्रिलमध्ये, माझ्याच अक्षरात:

"प्रयोगशाळेत धूळच धूळ. खिडकीची काच फुटकी, बादलीतली रेती उडून तराजूवर बसते. उ.ना सांगितलं, रोज सकाळी रेतीवर पाणी मारत जा."

एवढंच. पुढे भाजीचा हिशोब आणि कोणाच्या तरी लग्नाला काय न्यायचं ते.

काच त्याच जूनमध्ये बसवली. मी सांगितलेलं विसरले. ते विसरले नाहीत. नऊ वर्षं, रोज सकाळी, पावसाळ्यातसुद्धा.

१५ डिसेंबर, सोमवार

आचल आली नाही. तिची मैत्रीण म्हणाली, पट्टी आहे, धूळ लागू नये म्हणून घरीच बसवली.

उकंडरावांना भेटले नाही. मुद्दाम नाही. त्यांना बघितलं की पाय शिक्षक खोलीकडे वळत होते. त्यांनी माझ्या टेबलावर रोजच्यासारखा पाण्याचा ग्लास झाकून ठेवला होता. प्यायले.

मला सात वर्षं राहिली आहेत. शेरा मला बसला तर सात वर्षं तो डोक्यावर घेऊन वावरायचं, वर्गात, शिक्षक खोलीत, पालकसभेत. त्यांना बसला तर अडीच महिने, मग घर. पण मग कागद अडलेले. सगळं मोजून झालं आणि स्वतःची किळस आली. मोजायला बसलेच कशी.

१६ डिसेंबर, मंगळवार

जबाब लिहिला. चारदा फाडला. पाचव्यांदा चार ओळी: रेतीवर पाणी मारायची सूचना मी दिली होती, नऊ वर्षांपूर्वी, तोंडी. परिचरांनी ती पाळली. फितीची वेणी घातली मी. मुलांना जवळ बोलावलं मी.

वहीतल्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. खालच्या भाजीच्या हिशोबावर कोरा कागद ठेवून.

१७ डिसेंबर, बुधवार

हेडसरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे सरकवलं. आवक रजिस्टरला घेत नाही म्हणाले. "एका टेबलावर दोन जबाब, दोन दिशांना. संस्था म्हणेल, यांची मिलीभगत आहे. त्याला खोटा जबाब दिला म्हणून धरतील आणि तुम्हाला निष्काळजीपणासाठी. एकाच्या जागी दोन. हेच करायचं आहे का तुम्हाला?" आवाज चढवला नाही. दमलेले दिसत होते तेही. तेवीसला समितीपुढे हवं तर स्वतः द्या म्हणाले. मी अडवत नाही, पण घेतही नाही.

हे मला सुचलंच नव्हतं. मी खरं बोलले तर तो माणूस खोटा ठरतो.

१८ डिसेंबर, गुरुवार

उकंडराव स्वतःच आले. शेवटच्या तासानंतर, मी फळा पुसत होते. कारकुनाने सांगितलं असणार. दारातच उभे. आतापर्यंत कधी रागावलेले पाहिले नव्हते, म्हणून ओळखायला वेळ लागला.

"तुमी कायले लिहून देल्लं मॅडम?"

म्हटलं, मीच सांगितलं होतं, मला आठवलं. तुम्ही माझ्यासाठी कशाला अंगावर घेता.

"तुमच्यासाठी नाई घेतलं."

मग म्हणाले ते जमेल तसं लिहिते.

"मले मालूम होतं. रेती कोरडी ठेवा लागते, हे तुमच्या आधीचे सर सांगून गेलते. एक खेप त्यायच्या हातून असंच झालतं, थोडकं, कोणाले लागलं नाई. तुमी पाणी मारा म्हणल्या तवाच मले वाटलं, हे काई बरं नाई. तरी मारलं. रोज मारलं. मंग चुकी कोणाची झाली? सांगणाऱ्याची का मालूम असून करणाऱ्याची?"

मी विचारलं, मग बोललात का नाही?

"आलतो न सांगाले. तुमी म्हणल्या, घंटा झाली. दुसऱ्या खेपेले म्हणल्या, उकंडराव, केमिस्ट्री मी शिकोते. मंग म्या तोंड बंद केलं."

रागाने नाही म्हणाले. तारीख सांगावी तसं.

मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. असंच बोलते मी.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जुनी वही पुन्हा काढली. एप्रिल, मे, जून, पान न्‌ पान. ते सांगायला आले होते हे कुठेच नाही. मी सांगितलेलं आहे, तारखेसकट. त्यांनी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं वाटत होतं, ही वही तरी खरं बोलते.

तासाला स्मार्टबोर्ड. वीज गेली. वीस मिनिटं तोंडी शिकवलं. ज्वलनासाठी काय काय लागतं: जळणारा पदार्थ, ऑक्सिजन, पुरेसं तापमान. पोरांनी एका सुरात म्हटलं. माझं लक्ष दाराशी उभ्या उकंडरावांकडे. आता प्रयोग नाहीत तरी तासाला येऊन उभे राहतात, हात मागे बांधून.

२० डिसेंबर, शनिवार

शाळा सुटल्यावर आचलच्या घरी गेले, नाचणगावहून वाट वाकडी करून. ओट्यावर कापसाचा ढीग, ती त्याच्या शेजारी बसून वेचलेल्या बोंडातली कचरकाडी काढत होती. गालावर गुलाबी गोल, चण्याएवढा. डॉक्टर म्हणतात, हळूहळू जाईल. बहुतेक.

तिच्या आईने चहा केला. आचलने विचारलं, "मॅडम, रेतीत टाकल्यावर फुटलं कसं? विझाले पायजे होतं न?" एकतीस पोरांपैकी हा प्रश्न हिलाच पडला. खरं उत्तर दिलं. रेती ओली होती, पाण्यातून हायड्रोजन सुटला. "मंग रेती ओली काऊन होती?"

तेही सांगितलं. मी ओली करायला लावली होती. तिची आई कप खाली ठेवता ठेवता थांबली. आचलने विचार केला आणि म्हणाली, "मंग तुमाले मालूम नव्हतं काय?"

मालूम होतं गं, म्हटलं. शिकवतेच. पण बादलीकडे बघताना मी धूळ झाडणारी घरची बाई असते, धडा शिकवताना शिक्षिका. दोघींची कधी गाठ पडली नाही.

पोरीला ते कळलं की नाही कोण जाणे. आई मला सोडायला फाटकापर्यंत आली नाही. आली असती तर जास्त अवघड गेलं असतं.

२१ डिसेंबर, रविवार

कुठे गेले नाही. ह्यांनी केळझरचं पुन्हा काढलं, नको म्हटलं.

परवा समिती. त्यांचा जबाब म्हणतो, मॅडमना माहिती नव्हती. माझा म्हणतो, परिचरांनी फक्त ऐकलं. दोन्ही कागद खोटे आहेत. दोघांनीही एकमेकांना सोडवायला अर्धंच लिहिलं. पूर्ण लिहायचं तर असं लिहावं लागेल, की ज्याला माहीत होतं त्याला बोलायची जागा नव्हती आणि जिला जागा होती तिने विचारलं नाही. असल्या गोष्टीसाठी समितीकडे रकाना नसतो.

पाठ जास्तच दुखते आहे. गरम पाण्याची पिशवी.

२२ डिसेंबर, सोमवार

आचल आली. पट्टी नाही. पहिल्या बाकावर बसायची ती आज शेवटच्या बाकावर, उजवा गाल भिंतीकडे करून. मी हजेरी घेतली.

उद्या अकरा वाजता समिती. हेडसरांनी दोनदा आठवण केली. काय बोलणार ते विचारलं नाही, फक्त म्हणाले, "थोडक्यात बोला."

चार वाजता प्रयोगशाळेत गेले. उकंडराव फडताळातल्या बाटल्या खाली उतरवून फडक्याने पुसत होते. उद्या समिती बघायला येईल म्हणून. रेतीची बादली रिकामी करून उन्हात पालथी ठेवलेली, रेती पोत्यावर पसरलेली. कोणी सांगितलं नव्हतं.

म्हटलं, उकंडराव, उद्या मी सगळं सांगणार. तुमचंही, माझंही. तुम्ही सांगायला आला होता तेसुद्धा. चालेल का तुम्हाला? आजपर्यंत असं विचारलेलं नव्हतं, त्यामुळे शब्दही नीट आले नाहीत.

ते म्हणाले, "तुमाले जे वाटन ते." मग बाटली जागेवर ठेवली. तेवढ्यावर बोलणं संपलं होतं, मी वळलेही होते. तशीच परत फिरले.

विचारलं, "मी सांगितलेलं आणखी काय काय चुकीचं आहे? इथलं."

वाटलं, म्हणतील, काई नाई मॅडम. तेच म्हणावं असंही वाटत होतं.

त्यांनी फडकं खुंटीला अडकवलं. दार लोटून घेतलं. दोन स्टुलांपैकी बऱ्या पायांचं होतं ते माझ्याकडे सरकवलं.

"बसा," म्हणाले. "येळ लागन."